गवा बघायचाय, पण किती जवळ जायचं?

निपाणीच्या एका ताईंनी विचारलंय. जानेवारीत दोन दिवस बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या रानाकडं येणार आहेत, बरोबर नवरा, अकरा वर्षांचा मुलगा, आठवीतली भाची आणि सासूबाई. पोराला गवा बघायचाय. त्यांचे प्रश्न असे की किती जवळ जाता येतं, एकदम समोर आला तर काय करायचं, अस्वलाची भीती कितपत खरी, आणि सासूबाईंचे गुडघे धरलेत तर त्यांना घरीच ठेवावं का.

ताई, मी खानापूर तालुक्यातलाच, लहानपण म्हशींच्या मागं गेलं आणि गेली बावीस वर्षं लोकांना रानात घेऊन फिरतोय, त्यामुळं जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे नेटवर जे वाचता ना, शंभर मीटर लांब राहा, अंगठ्याचा नियम वगैरे, ते चुकीचं नाही. हात पूर्ण लांब करायचा, एक डोळा मिटायचा आणि अंगठा उभा जनावरावर धरायचा, सगळं जनावर अंगठ्यामागं झाकलं गेलं तर तुम्ही पुरेसे लांब आहात. हिशोब करून बघितलाय मी, अंगठा दोन सेंटिमीटर, हात साधारण पासष्ट सेंटिमीटर, आणि मोठा रेडा डोक्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत अडीच-तीन मीटर, म्हणजे ऐंशी ते शंभर मीटर येतंच. पण हा नियम उघड्या माळावरचा आहे हो. कणकुंबीच्या सड्यावर चालतो, चोर्ल्याच्या बाजूला कातळ उघडा पडलाय तिथं चालतो. खाली रानात शिरलात, कारवी आणि बांबू दोन्ही बाजूला, वरून अंजनाची आणि जांभळीची सावली, तिथं तुम्हाला गवा दिसतो तोच मुळात पंचवीस-तीस पावलांवर. तिथं अंगठा काढून काय करणार, अंगठ्यात त्याचं नाकसुद्धा मावायचं नाही.

म्हणून आमच्या रानात किती जवळ जायचं हा प्रश्नच जरा उलटा पडतो. तुम्ही त्याच्याजवळ जायचंच नाही. तुम्ही बसायचं, आणि तो त्याच्या कामानं येईल-जाईल तेवढा बघायचा. आमच्या वस्तीवरचे एक धनगर मामा होते, आता नाहीत, ते चालणाऱ्या ट्रेकरना बघून हसायचे, म्हणायचे, "ही माणसं जनावर बघायला येत्यात का जनावरांस्नी हाकलायला येत्यात गा?" खरंच आहे की. सहा माणसं बूट आपटत, बाटल्या खडखडत, बिस्किटाच्या पुड्याचा आवाज करत चालली की पुढचं सगळं रान आधीच रिकामं होत जातं. आणि मग परत येऊन म्हणतात भीमगडात काही नाहीच्चे.

काही नाही कसं, सगळं आहे. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, सुमारे एकशे नव्वद चौरस किलोमीटर, एका बाजूला गोव्याचं म्हादई अभयारण्य, दुसऱ्या बाजूनं लोंढा-कॅसलरॉककडून दांडेली आणि अणशी, ज्याला २०१५ पासून काळी व्याघ्र प्रकल्प म्हणतात. म्हणजे रान सलग आहे, जनावराला राज्याची हद्द कळत नाही, ती भांडणं आपली. गवे, सांबर, भेकर, रानडुकरं, अस्वलं, बिबटे, कोळसुंदे म्हणजे रानकुत्री, आणि वाघ पण. २०२० च्या जानेवारीत म्हादईच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले गेले ती बातमी तुम्ही वाचली असेल, ते रान आपल्या हद्दीला लागूनच. वाघ दिसेल म्हणून येऊ नका मात्र, मला बावीस वर्षांत मोजून तीन वेळा दिसलाय, त्यातला एकदा नुसती शेपटी.

आता परवानगीचं आधी सांगून टाकतो कारण यातच लोक जास्त गोंधळ घालतात. अभयारण्यात मनाला येईल तिथून आत शिरता येत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, कलम २७, विनापरवाना गेलात तर गुन्हा दाखल होतो. कर्नाटक फॉरेस्टचं ट्रेकचं ऑनलाइन बुकिंग आहे अरण्य विहार नावानं, त्यावर त्या वेळी कुठली वाट चालू आहे ते बघा, नाहीतर सरळ रेंज ऑफिसला विचारा, आणि वाटाड्या नाहीतर वॉचर, म्हणजे फॉरेस्टचा राखणदार, बरोबर घ्याच. पैसे वाचवायला म्हणून गावातल्या कुठल्यातरी पोराला पाचशे रुपये देऊन मागच्या वाटेनं शिरायचं असलं करू नका, काही झालं तर ते पोरगंच आधी पळतंय. वॉचर बहुतेक कन्नड बोलणारे असतात, निपाणीकरांना अडचण नाही म्हणा, पण पोरांना चार शब्द शिकवून ठेवा, काडुकोण म्हणजे गवा, करडी म्हणजे अस्वल, चिरते म्हणजे बिबट्या, आने म्हणजे हत्ती. आणि तो "मुंद होगब्याड्री", म्हणजे पुढं जाऊ नका, म्हणाला की तिथंच थांबायचं, का म्हणून विचारायचं ते नंतर.

बरं आता गवा. गवा म्हणजे रानटी गुरांतलं सगळ्यात मोठं जनावर, मोठा रेडा खांद्याला माणसाएवढा किंवा त्याहून उंच, वजन आठशे-हजार किलोच्या घरात सहज. चारी पायात पांढरे मोजे घातल्यासारखे, पाठीवर खांद्यापासून मध्यापर्यंत उंच वरंबा. गायी जरा तपकिरी, पिल्लं तर एकदम सोनेरी, पहिल्यांदा बघितलं तर वाटतं कुणाचं तरी पाडस चुकून कळपात आलंय. कळप चालवते ती बहुतेक म्हातारी गाय. आणि म्हाताऱ्या गायीला फसवणं सोपं नाही, घरातही नाही आणि रानातही नाही.

कळप बघायला जास्त सुरक्षित असतो हे लोकांना खरं वाटत नाही. कळपाला चाहूल लागली की एकजण फुसकारतो, फूंऽस असा नाकातनं आवाज, शिट्टी आणि शिंक यांच्या मधला, आणि सगळे धडधडत निघून जातात. जमीन हलते अक्षरशः. भीती आहे ती एकांड्या रेड्याची आणि नवं पिल्लू असलेल्या गायीची. एकांडा रेडा पळत नाही, उभा राहतो, विचार करतो. गवा सगळ्यात आधी काय करतो माहितीये, आडवा उभा राहतो. बाजू दाखवतो तुम्हाला, पाठ ताणून वरंबा अजून उंच करतो, मान जराशी खाली, आणि हळू हळू, एकेक पाऊल, तुमच्यासमोरून आडवा चालतो. शहरातली माणसं म्हणतात वा काय पोज दिली. पोज नाही ती, तो तुम्हाला सांगतोय की बघून घे मी केवढा आहे ते आणि निघ.

ही गोष्ट मला माहिती होती तरी मी माती खाल्ली आहे, ते पण सांगतो. डिसेंबर होता, बारा-तेरा वर्षं झाली असतील, पाच पाहुणे होते माझ्याबरोबर. सकाळची साडेसातची वेळ, ओढ्याच्या पलीकडं एक एकांडा रेडा एकटाच चरत होता, चाळीस पावलांवर. तिथंच बसायला हवं होतं. पण एकाचा कॅमेरा मोठा आणि झाड मधे येत होतं, त्यात तो म्हणाला अजून थोडं, आणि मलाही जरा मिरवायचं होतं की बघा माझ्या रानातला गवा. पंचवीस पावलांवर नेलं त्यांना. रेड्यानं चरणं थांबवलं, तोंडात गवत तसंच लोंबत होतं, चावत नव्हता. ते लोंबणारं गवत मला आजही दिसतं. तिथंच मला कळायला पाहिजे होतं. मग तो आडवा झाला, आणि नेमकं त्याच वेळी मागच्यानं थंडी वाजते म्हणून प्लॅस्टिकचा निळा रेनकोट उघडला, चर्रर्र. रेड्यानं डोकं खाली घातलं, एक पाय दोनदा आपटला आणि ओढ्यात उतरलाच. सात-आठ पावलं आला असेल फक्त. पाणी एवढं उडालं की मला तो दिसेना. मी मागं सरकताना कारवीच्या तुटक्या खुंटावर पडलो, नडगी उघडी पडली, सात टाके. पाहुणे एका किंजळीच्या मोठ्या बुंध्यामागं गेले होते, ते एक काम त्यांनी बरोबर केलं. रेडा ओढ्यात थांबला, परत फुसकारला, आणि वळून निघून गेला. त्याची काही चूक नव्हती, त्यानं तीन वेळा सांगितलं होतं.

निळ्या रंगाचं पण सांगतो, कारण लोक लाल टी-शर्ट घालू नका म्हणून सांगत बसतात. गुरं, हरणं यांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, आपल्या तीन. त्यामुळं लाल त्यांना आपल्यासारखा भडक दिसत नाही, मातकटच दिसतो, निळा मात्र चांगला उठून दिसतो. तरी रंगापेक्षा हालचाल आणि आवाज जास्त महत्त्वाचा. जुने सुती कपडे घाला, धुवून धुवून मऊ झालेले, ज्यांचा आवाज येत नाही. आणि सेंट मारून येऊ नका, खरंच सांगतो, एकदा एक नवरा-बायको आलेले, वाऱ्याच्या खालच्या अंगाला मलाच ते दोन वळणं आधी कळत होते, मग गव्याला काय.

म्हणजे खूण काय लक्षात ठेवायची, तर जनावर जे करत होतं ते करायचं थांबलं की तुम्ही जास्त जवळ आहात. मीटर मोजू नका. चरत होतं, थांबलं. रवंथ करत होतं, जबडा थांबला. कान हलत होते माश्यांना, आता दोन्ही कान तुमच्याकडं. पोराला एवढंच काम द्या की तू गव्याचा जबडा बघत राहा आणि थांबला की मला हळूच हात लाव. अकरा वर्षांची पोरं हे काम मोठ्या माणसांपेक्षा चांगलं करतात, मी करून बघितलंय.

आणि जबडा थांबला तर? तर तुम्हीही थांबा, बोलू नका, त्याच्याकडं टक लावून बघू नका, दहा-पंधरा सेकंद गेले की बहुतेक वेळा परत खायला लागतो, मग हळू हळू मागं या, पाठ न फिरवता, मधे मोठं झाड येईल असं. खरोखर अंगावर आलाच तर सरळ मोकळ्यात पळू नका, गवा तुमच्यापेक्षा फास्ट आहे, जाड बुंध्यामागं नाहीतर मोठ्या दगडामागं जा, वर चढता आलं तर चढा, पिशवी टाकून द्या. नागमोडी पळायचं वगैरे जे सांगतात ते करवंदीच्या जाळीत पळून दाखवा मला.

वाऱ्याचं जरा नीट वाचा, कारण गव्याचं आणि अस्वलाचं नाक हेच त्यांचं मुख्य हत्यार आहे. थंडीत पहाटे डोंगरावरची हवा गार आणि जड असते, ती उतारावरून खाली दरीत सरकत असते. म्हणजे सकाळी सकाळी तुम्ही वर बसलात आणि गवे खालच्या गवतात, तर तुमचा वास घरपोच जातो त्यांना. सकाळी त्यांच्यापेक्षा खाली नाहीतर बाजूला बसायचं. ऊन उतारावर पडून तापायला लागलं, साधारण नऊ-साडेनऊनंतर, की हवा उलटी वर चढायला लागते, मग वर बसलेलं बरं. मी खिशात रुईचा कापूस ठेवतो, शेंग फुटली की मिळतो तो, एक तंतू सोडला की कुठं जातोय ते दिसतं. विभूतीची चिमूट पण चालते, आमच्यातले दोघे-तिघे तेच करतात, देवाचं पण होतं आणि वाऱ्याचं पण. विडीचा धूर बघू म्हणणारे भेटतील, त्यांना नको म्हणा, जानेवारीनंतर गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी पुरे.

वेळ म्हणाल तर जानेवारीत आपल्याकडं सूर्य सातच्या आसपास उगवतो, त्याआधी अर्धा तास जागेवर बसलेलं असायचं आणि नऊपर्यंत हलायचं नाही. परत संध्याकाळी चार ते सहा. दुपारी गवा सावलीत रवंथ करत बसतो, तेव्हा फिरलात तर एकतर काही दिसणार नाही नाहीतर एकदम पायाखाली सापडेल, दुसरं जास्त वाईट. सकाळी उठणार नसाल तर येऊ नका, जांबोटीत चहा-भजी खाऊन परत जा, त्यातही मजा आहे.

बघायच्या आधी कळायला लागतं ते कसं, तर वास आणि शेण. गव्यांचा कळप जवळ असला की गोठ्यासारखा वास येतो, रानात गोठा नसताना गोठ्याचा वास आला की थांबायचं. शेण म्हशीसारखंच, वरून साय धरलेली असली तर जुनं, ओलं चकाकतंय आणि माश्या बसल्यात तर आत्ताचं. वानरं खॅक-खॅक करायला लागली, भेकर भुंकायला लागलं, सांबर एकदाच पण मोठ्यानं ढांक करून ओरडलं, तर बिबट्या नाहीतर वाघ फिरतोय असं समजा, गव्यासाठी वानर एवढा दंगा करत नाही. थंडीत रेडे माजावर असले तर लांबूनच एक गाणं ऐकू येतं, वरून खाली उतरत जाणारा सूर, हूंऽऽऽ करत, मैलभर जातो. पहिल्यांदा ऐकणारा म्हणतो कुठंतरी भोंगा वाजतोय.

चिखलात पावलं बघताना पोरांना मजा येते. गव्याचे दोन खूर, रुंद, गोलसर. मांजरकुळातल्या पावलात नखं उमटत नाहीत, कुत्र्या-तरसाच्या उमटतात. बिबट्याचं पाऊल सात-आठ सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या तळहातापेक्षा लहान, वाघाचं बारा आणि वर. पाऊल ताजं असलं तर फोटो काढा आणि त्या दिशेनं जाऊ नका, एवढंच.

अस्वल. ताई, तुमची भीती खरी आहे, मी खोटं सांगणार नाही. मला विचाराल तर पायी फिरणाऱ्याला आमच्या रानात सगळ्यात मोठा धोका बिबट्या नाही, वाघ नाही, अस्वल. कारण त्याला नीट दिसत नाही, ऐकूही फार चांगलं येत नाही, आणि खायला लागलं की मग तर जगाचं भान नसतं. वारूळ फोडून त्यात तोंड घालून वाळवी ओढून घेतं, वरचे पुढचे दोन दात नसतातच त्याला, त्या फटीतनं ओढतं, आणि तो आवाज शंभर मीटरवरून ऐकू येतो, जुना मिक्सर बंद पडताना करतो ना तसा. हे मी एकदा अगदी जवळून बघितलं. वळणावर वारूळ, काळा केसाळ ढीग, मला आधी वाटलं कुणी घोंगडं टाकलंय, मग घोंगड्यानं मागच्या पायानं माती उडवली. मी वीस पावलांवर. तोंडावर सगळी लाल माती, नाकपुड्या मिटलेल्या, ते आपलं ओढतंय, फुंकतंय, ओढतंय. मी एक पाऊल मागं, थांब, एक पाऊल मागं, थांब, असं करत वळणाच्या मागं आलो आणि मग लांब गेल्यावर काठी दगडावर ठोकली दोनदा. ते दोन पायांवर उभं राहिलं, वास घेतला, छातीवरचा पांढरा पट्टा दिसला, आणि उलट बाजूला धूम. उभं राहणं म्हणजे हल्ला नव्हे, ते बघायला आणि वास घ्यायला उठतं, घाबरून पळायला सुरुवात करू नका.

म्हणून गव्यासाठी गप्प बसा म्हणतो तोच मी वाटेनं चालताना मात्र बोलत चला म्हणतो, यात विरोध नाही. बसलेल्या जागी गप्प. दाट झाडीतनं, ओढ्याच्या आवाजाशेजारनं, आंधळ्या वळणावरनं जाताना साध्या आवाजात गप्पा मारत, काठी आपटत. अस्वलीण पाठीवर पिल्लं घेऊन फिरते, तिला पंधरा पावलांवर दचकवायचं नाही. ताजी उकरलेली वारुळं दिसली की आवाज वाढवा. आणि अंगावर आलंच, पळायला वेळच नाही मिळाला, तर पालथं झोपायचं, दोन्ही हात मानेमागं घट्ट, पिशवी पाठीवर असू दे, तोंड जमिनीत. अस्वल तोंडावर मारतं, वाचवायचं ते तोंड आणि मान.

बिबट्या दिसायची शक्यता कमी, आणि दिसला तरी दोन सेकंद. तो रानातच असतो असंही नाही, २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव शहरात गोल्फ कोर्सच्या झाडीत शिरला होता, आसपासच्या शाळा किती दिवस बंद, शोधायला शिमोग्याजवळच्या सक्रेबैलूच्या हत्ती कॅम्पवरून हत्ती आणले, आणि तो कुणालाच न सापडता निघून गेला. त्यामुळं त्याची भीती घरात ठेवून फक्त एवढं करा, पोरं मधे चालवायची, शेवटी नाही, कुणी मागं राहून बुटाची लेस बांधत बसायचं नाही. समोर आला तर पळायचं नाही, वाकायचं नाही, लहान मूल असेल तर उचलून घ्यायचं, हात वर, मोठ्यानं ओरडायचं. आणि घरचा कुत्रा बरोबर आणू नका, कृपा करून. कुत्रा पुढं जाऊन भुंकतो, जनावर त्याच्या मागं लागतं आणि तो शूर वीर सरळ तुमच्या पायात येऊन लपतो.

हत्तीचं वेगळं. दांडेली-हल्याळ बाजूनं ते भात पिकायच्या वेळेला खानापूरकडं येतात, २००२ च्या सुमारास याच बाजूनं पुढं चंदगड, दोडामार्गला गेलेत. तुमच्या वेळेला कणकुंबीकडं असतीलच असं नाही, नागरगाळी-लोंढा पट्ट्यात शक्यता जास्त. मोडलेला बांबू, फुटबॉलएवढं शेण, ते गरम असेल तर परत फिरा. हत्ती बघायला थांबूच नका, एवढ्या एका जनावराबद्दल माझं हे मत आहे, लांबून गाडीतून ठीक. आणि शेताच्या कडेनं जाताना कुठल्याही तारेला हात लावायचा नाही, कुठं सोलरचं झटका मशीन असतं, कुठं काय जोडलंय ते जोडणाऱ्यालाच माहीत.

सामान फार लागत नाही. दुर्बीण मात्र घ्याच, उसनी आणा हवं तर, आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढची काच बेचाळीस मिलिमीटरची. लोक दहा, बारा, वीसची मोठी घेतात आणि हात थरथरला की काहीच दिसत नाही. शिवाय बेचाळीसला आठनं भागलं की सव्वापाच मिलिमीटर येतं, तेवढा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो, पहाटेच्या अंधूक उजेडात माणसाची बाहुली साधारण तेवढीच उघडते, म्हणून ती बरोबर बसते. मोबाईलचा कॅमेरा दुर्बिणीच्या काचेला लावून फोटो येतो चांगला, रील पण होतो. ड्रोन नाही म्हणजे नाही. बारापेडेच्या गुहेत पण टॉर्च मारत शिरायचं नाही, तिथली वटवाघळं दुर्मिळ आहेत आणि त्यांना तुमच्या रीलची गरज नाही.

जानेवारीत जळवा नसतात पण गोचिड्या असतात, बारीक, ज्वारीच्या दाण्याहून लहान. माकडताप त्यांच्यामुळं होतो, १९५७ मध्ये शिमोग्याकडं क्यासनूरच्या रानात पहिल्यांदा ओळखला गेला, थंडी ते उन्हाळा हाच त्याचा मोसम. पँट मोज्यात खोचा, पालापाचोळ्यावर लोळू नका, मेलेलं वानर दिसलं तर जवळ न जाता वॉचरला सांगा, संध्याकाळी गरम पाण्यानं आंघोळ करून पोरांच्या काखा, कानामागं बघा. नंतर आठवड्याभरात ताप आला तर डॉक्टरला रानात गेलो होतो हे सांगायचं.

गाडीचं राहिलं. जांबोटी ते चोर्ला रस्त्यावर संध्याकाळी सहानंतर हळू चालवा, गवा काळा, रस्ता काळा, आणि त्याचे डोळे हेडलाइटच्या वर येतात, उजेड नुसता पांढऱ्या पायांवर पडतो. रस्त्यात चार पांढरे खांब दिसले आणि ते हलायला लागले तर ब्रेक. हॉर्न नको, लाइट डीम करा, इंजिन चालू ठेवा, त्याला जाऊ दे. एक गेला म्हणून लगेच निघू नका, मागनं अजून सहा येत असतात. खाली उतरून सेल्फी काढणारे दर शनिवारी दिसतात मला, मी आता बोलायचं सोडलंय.

आणि सासूबाई. त्यांना घरी ठेवू नका, घेऊनच या. चार वर्षांपूर्वी एक कुटुंब आलं होतं, अकरा माणसं, त्यातल्या आजीचे गुडघे असेच. बाकी सगळे वॉचरबरोबर लांबच्या वाटेला गेले, पाच-सहा किलोमीटर, मी आजींबरोबर माळाच्या कडेला थांबलो, घडीची खुर्ची होती, पाठीला जांभळीचा बुंधा, वारा समोरून. आजी शेंगा सोलत बसल्या, सालं पिशवीत टाकत होत्या, मी सांगितलं नव्हतं तरी. अर्ध्या-पाऊण तासानं त्यांनी माझ्या गुडघ्याला बोट लावलं. माळाच्या त्या टोकाला, अंगठ्याच्या बरोबर मापात, एक गाय बाहेर आली होती, मग दुसरी, मग सोनेरी पिल्लू उड्या मारत. आजींनी शेंग तोंडात घातली नाही, हातातच धरून ठेवली, वीस मिनिटं. बाकीचे घामाघूम होऊन परत आले आणि म्हणाले काहीच नाही हो दिसलं, तेव्हा त्या खुर्चीवरून म्हणाल्या, "आठ होती. त्यातलं एक पिल्लू लंगडत होतं जरा."

तुमच्या सासूबाई बसतील तिथंच सगळ्यांनी बसा. खुर्ची तेवढी हिरवी नाहीतर तपकिरी आणा, निळी नको.